सेलमधली काळी कांडी

संपलेला सेल फोडून पोरं आतली काळी कांडी काढतात आणि भिंती रंगवून ठेवतात, हे बऱ्याच घरी झालंय. ती कांडी कार्बनची, म्हणजे कोळशाच्याच जातीची. तिची गोष्ट आज सांगते.

१८०० साली लंडनमध्ये निकल्सन आणि कार्लाइल या दोघांनी व्होल्टाच्या नव्या बॅटरीच्या पितळी तारा पाण्यात सोडल्या. एका तारेवर बुडबुडे आले. तो हायड्रोजन, जळणारा वायू. दुसरी तार मात्र काळवंडली, कारण तिथे निघणारा ऑक्सिजन तिलाच खात होता. प्लॅटिनमची तार लावल्यावर दोन्हीकडे बुडबुडे निघाले. पण प्लॅटिनम महाग. प्रयोगापुरतं ठीक, रोजच्या कामाला कुठून आणायचं?

१८४१ मध्ये जर्मनीतल्या बुन्सेन यांनी बॅटरीतलं प्लॅटिनम काढून तिथे कार्बन बसवला. दगडी कोळसा आणि कोक कुटायचा, साच्यात भरायचा, भाजायचा. मला तर यात वीटभट्टीच दिसते. १८६६ मध्ये फ्रान्सच्या लेक्लांशे यांच्या सेलमध्येही कार्बनच आला. आपल्या टॉर्चचा साधा सेल त्याच घराण्यातला.

मग कार्बन कारखान्यात गेला. ज्या गटांत साबण करतात त्यांना कास्टिक सोडा माहीत आहे. तो मिठाच्या पाण्यातून वीज सोडून करतात. एका टोकाला हायड्रोजन आणि कास्टिक, दुसऱ्या टोकाला क्लोरिन. (घरी करून बघू नका, क्लोरिन विषारी असतो.) क्लोरिनपुढे साधा धातू टिकेना, म्हणून कित्येक दशकं तिथे ग्रॅफाइट लावत. शिसपेन्सिलीत असतो तोच हा कार्बन. पण तोही झिजे. त्या टोकाला थोडा ऑक्सिजनही निघतो, आणि कोळशाला ऑक्सिजन मिळाला की काय होतं, हे चुलीपुढे बसणारीला काय सांगायचं? ज्योत दिसत नाही इतकंच. कांड्या झिजल्या की मधलं अंतर वाढे, वीज जास्त लागे, शेवटी त्या बदलाव्या लागत. १९६० च्या दशकाच्या अखेरीस लेप दिलेलं टायटॅनियम आलं आणि ग्रॅफाइट मागे पडला.

हायड्रोजनच्या टोकाला मात्र कार्बन टिकतो. पाण्यापासून हायड्रोजन करणाऱ्या आजच्या काही यंत्रांत तिथे कार्बनच्या भुकटीवर प्लॅटिनमचे अतिबारीक कण पसरतात, त्यामुळे थोड्या प्लॅटिनमवर भागतं. त्याच यंत्रांत ऑक्सिजनच्या टोकाला अजूनही इरिडियम लागतं, आणि ते फारच दुर्मिळ.