र्‍यूक्यूची जुनी नगरे आणि कराटे प्रशिक्षणाची जडणघडण

प्रस्तावना

कराटेचा उगम ओकिनावा बेटावरील र्‍यूक्यू राज्यात झाला. इ.स. १४२९ मध्ये एकत्रित झालेले हे राज्य १६०९ मध्ये जपानमधील सात्सुमा संस्थानाच्या वर्चस्वाखाली गेले व १८७९ मध्ये जपानने ते खालसा केले. निःशस्त्र शेतकऱ्यांनी स्वसंरक्षणासाठी ही कला घडविली, असा समज सर्वत्र रूढ आहे. मात्र एकोणिसाव्या शतकातील ज्ञात गुरूंपैकी बहुतेक जण नगरवासी उमराव वर्गातील होते. त्यामुळे नगररचना व प्रशिक्षण यांचा संबंध तपासणे आवश्यक ठरते.

तीन वस्त्या

शुरी ही डोंगरावरील राजधानी होती. राजसेवेत असलेले मात्सुमुरा सोकोन हे तेथील परंपरेचे प्रमुख गुरू होत. नाहा हे व्यापारी बंदर. तेथील कुमे वस्तीत चिनी वंशाची कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत. नाहाचेच हिगाओन्ना कान्र्यो (१८५३–१९१५) यांनी चीनमधील फूचौ येथे शिक्षण घेतले. तोमारी हे जवळचेच लहान बंदर. या तिन्ही वस्त्या परस्परांपासून काही किलोमीटरवरच असल्याने त्यांच्या परंपरा पूर्णतः विभक्त मानता येत नाहीत. स्थळाचा प्रभाव डावपेचांपेक्षा गुरू कोणता लाभणार, यावर अधिक पडला, असे म्हणणे सयुक्तिक ठरते.

अंगण आणि साधने

स्वतंत्र प्रशिक्षणगृहे त्या काळी रूढ नव्हती. फुनाकोशी गिचिन (१८६८–१९५७) यांच्या आत्मचरित्रानुसार ते रात्री गुरूंच्या घरी जात व अंगणात एकच काटा, म्हणजे ठरावीक हालचालींचा क्रम, महिनोन्‌महिने गिरवीत. मोजके शिष्य, गुप्तता व पुनरावृत्ती ही या पद्धतीची वैशिष्ट्ये होती. साधनेही साधीच होती : गवती दोर गुंडाळलेला खांब (माकिवारा), लाकडी दांड्याला बसविलेला दगड (ची-इशी) आणि काठ धरून उचलावयाचे मातीचे रांजण (निगिरी-गामे).

अंगणातून शाळेकडे

१९०१ मध्ये इतोसु आन्को यांनी शुरीतील प्राथमिक शाळेत कराटेचा समावेश केला. शिष्यसंख्या वाढताच वैयक्तिक मार्गदर्शनाची जागा सामूहिक कवायतीने घेतली. शालेय शिक्षणास अनुकूल असे सुलभ ‘पिनान’ काटे इतोसु यांनीच रचले. कला टिकली, पसरली. परंतु अंगणातील गुरुशिष्यांचे निकट नाते विरळ होत गेले.

निष्कर्ष

१९४५ च्या ओकिनावा युद्धात शुरीचा किल्ला व नाहा शहर उद्ध्वस्त झाले. अनेक जाणकार व कागदपत्रेही नष्ट झाली. किल्ल्याचा मुख्य महाल १९९२ मध्ये पुन्हा उभारला गेला. ३१ ऑक्टोबर २०१९ रोजी तो आगीत भस्मसात झाला. वास्तू पुन्हा बांधता येते. मात्र तिच्या परिसरात रुजलेली शिकण्याची रीत केवळ शिष्यपरंपरेतूनच जिवंत राहते. म्हणूनच कराटेच्या इतिहासलेखनात डावपेचांइतकेच अंगण, वस्ती व बंदर यांनाही स्थान मिळणे आवश्यक आहे.