वाट, पाणी, घास आणि छडी

शाळांचे सुवर्णमहोत्सवी अंक वाचण्याचा मला जुना नाद आहे. मी पेशाने शाळामास्तर आणि सवयीने कादंबरीकार. दोन्ही धंद्यांना जुने कागद उपयोगी पडतात. या अंकांत कोनशिला कोणी बसविली, हेडमास्तर कोण कोण झाले, निकाल किती टक्के लागले, हे सारे तारीखवार सापडते. सापडत नाही ते एवढेच, की मुले कोणत्या वाटेने शाळेत येत, पाणी कुठले पीत, मधल्या सुट्टीत काय खात, आणि मास्तरांच्या छडीला कोणी आवर घालीत असे की नाही. माझ्या मते शाळेचा खरा इतिहास या चार गोष्टींत आहे. शाळा मूल शिकविते हे खरेच. पण त्याआधी ती मूल सांभाळते. आणि सांभाळण्याची ही विद्या आपल्याकडे आपोआप आलेली नाही. फार मोल देऊन, एकेक पायरीने ती आली आहे. दिवाळीच्या सुट्टीत मुले घरात आहेत, फराळाचे डबे हाताशी आहेत. अशा निवांत वेळी ती हकीगत वाचकांपुढे मांडावी म्हणतो.

पहिली गोष्ट वाटेची. १८४८ साली पुण्याच्या बुधवार पेठेत, भिडे यांच्या वाड्यात, जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली. सावित्रीबाई शाळेला निघाल्या की लोक त्यांना शिव्या देत, अंगावर शेण आणि चिखल फेकीत. म्हणून त्या एक जादा लुगडे जवळ बाळगीत आणि शाळेत पोचल्यावर ते नेसून शिकवावयास उभ्या राहत. ही कथा आपण त्यांच्या धैर्याची म्हणून सांगतो, आणि ते योग्यच आहे. परंतु मास्तराच्या नजरेने पाहू लागलो म्हणजे मला तीत आणखी काही दिसते. ज्या शहरात बाईंवर शेण पडत होते, त्याच शहरातल्या बोळांतून लहान लहान मुलीही शाळेत येत होत्या. त्यांच्या आयांनी त्यांना कोणाच्या भरवशावर धाडले असेल? मला वाटते, काल बाई आल्या होत्या, आज आल्या आहेत आणि उद्याही येतील, याच भरवशावर. फुले दांपत्याच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मातंग समाजातील मुलीने आपल्या लोकांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदया’त छापून आला. मूल जिथे निर्धास्त असते तिथेच ते आपले दुःख बोलून दाखविते, हे मास्तरकी करणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही.

मुलाला शाळेची वाटच सापडत नसेल तर काय करावे, याचे उत्तर पुढे शंभर वर्षांनी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी दिले. १९४५ साली बोर्डीस आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी आदिवासी मुलांसाठी काम केले. मुले शाळेत येत नाहीत असे दिसताच त्यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. गुरे राखणारी पोरे गुरे सोडून येणार नाहीत, तर शाळा कुरणात भरविली, ती कुरणशाळा. तेथे धुळाक्षरांच्या आधी आंघोळ, नखे आणि केसांची फणी. अंग स्वच्छ झाले, खरजेची खाज थांबली, की मुलाचे लक्ष पाटीकडे लागणारच!

दुसरी गोष्ट पाण्याची. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत भिवा रामजी आंबेडकर नावाचा मुलगा इंग्रजी पहिलीत दाखल झाला. त्या दिवसाची आठवण म्हणून महाराष्ट्रात आता ‘विद्यार्थी दिवस’ पाळतात. परंतु त्या शाळेत हा मुलगा कसा बसत असे, हे त्याने मोठेपणी स्वतःच लिहून ठेवले आहे. तो वर्गात इतरांपासून वेगळा, घरून आणलेल्या गोणपाटावर बसे. शाळा झाडणारा नोकर त्या तरटाला शिवत नसे, म्हणून संध्याकाळी ते उचलून घरी न्यावे लागे आणि सकाळी परत आणावे लागे. तहान लागली तर नळाला हात लावण्याची मनाई. मास्तरांनी परवानगी द्यावी आणि शिपायाने नळ सोडावा, तेव्हा पाणी मिळावयाचे. शिपाई जागेवर नसला म्हणजे त्या दिवशी तहान तशीच.

वाचकहो, या प्रसंगात कोणी मुलाला मारले नाही. कोणी फारसे रागावलेही नसेल. मास्तर आपला धडा शिकवीत होते, घंटा वेळेवर होत होती, हजेरीपटावर मुलाचे नाव होते. शाळा शाळेसारखी चालली होती आणि एक मूल तहानेले बसले होते. छळ नेहमी आरडाओरडा करीतच येतो असे नाही; कित्येकदा तो शाळेच्या रिवाजाचे कपडे घालून येतो. म्हणून कोठल्याही शाळेत पाय ठेवला की मी आधी पाण्याची जागा पाहतो.

आता याच साताऱ्यात थोडे पुढे या. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली कऱ्हाड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह काढले. त्यात सर्व जातींची मुले एकत्र राहत, हातांनी कामे करीत आणि एका पंगतीला जेवत. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. नाव शाहू महाराजांचे दिले ते उचितच. कारण त्यांनीच कोल्हापुरात १९०१ पासून निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहांची रांग उभी केली होती. ज्या गावात १९०० साली एका मुलाला नळ बंद होता, त्याच गावात पाव शतकाच्या आत त्याच्यासारखी मुले इतरांच्या मांडीला मांडी लावून जेवू लागली. गाव तेच, पाणीही तेच. पंगत कोणी तरी मुद्दाम मांडली, एवढाच फरक.

पंगत आली म्हणजे घास आला. ती तिसरी गोष्ट. वसतिगृहात दाणे संपले तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी मुलांच्या पोटासाठी आपले दागिने, आणि शेवटी मंगळसूत्रही दिले, ही हकीगत साताऱ्याकडे घरोघर सांगतात. ती ऐकताना ऊर भरून येतो. पण लागलीच मनात येते, की मुलांच्या जेवणासाठी एका बाईला मंगळसूत्र काढावे लागणे ही काही व्यवस्था नव्हे! त्याग करणारी माणसे पिढीत एखाददुसरीच निघतात. भूक मात्र रोज लागते. मद्रास शहराच्या महापालिकेने १९२० च्या सुमारास एका शाळेत मुलांना दुपारी खाणे देण्यास सुरुवात केली. पुढे कामराज यांनी मुख्यमंत्री असताना ती कल्पना राज्यभर नेली. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने देशातील सरकारी व अनुदानित प्राथमिक शाळांतून शिजवलेले अन्न द्यावे असा आदेश दिला, आणि घास दानाच्या ताटातून हक्काच्या ताटात आला.

पण ताट आले म्हणजे काळजी संपली असे नाही. १६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूतील कुंभकोणम येथे शाळेच्या स्वयंपाकघरातली आग वर्गांवरच्या झापांच्या छपरास लागली आणि ९४ मुले गेली. १६ जुलै २०१३ रोजी, तीच तारीख, बिहारमधील सारण जिल्ह्यातल्या एका गावी शाळेच्या जेवणात कीटकनाशक मिसळले गेले आणि २३ मुले दगावली. आज नियम असा आहे, की मुलांना वाढण्यापूर्वी शिक्षकाने अन्न चाखून पाहावे. माझ्या पाळीच्या दिवशी मी खिचडीचा पहिला घास घेतो, तेव्हा चवीपेक्षा या दोन तारखाच मला अधिक आठवतात. नियमांच्या पुस्तकातले प्रत्येक कलम मला असेच दिसते. त्याच्यामागे कोणाचे तरी मूल उभे असते.

चौथी गोष्ट छडीची. ‘छडी लागे छमछम’ म्हणून आपण तिचे कौतुक पुष्कळ केले. पण त्याच काळात अंमळनेरच्या शाळेत साने गुरुजी नावाचे एक मास्तर होते. १९२४ ते १९३० अशी सहा वर्षे त्यांनी तेथे शिकविले. वसतिगृहाची जबाबदारी त्यांच्याकडे आली, तेव्हा मुलांनी अस्ताव्यस्त टाकलेल्या खोल्या ते न बोलता स्वतः झाडीत आणि मुलांचे कपडे धूत. मुलांशी मनातले बोलावे म्हणून ते स्वहस्ताने ‘छात्रालय दैनिक’ लिहून काढीत. मुले त्यांना भीत नसत, आणि तरीही ऐकत. किंबहुना म्हणूनच ऐकत.

साने गुरुजींसारखे मास्तर प्रत्येक शाळेच्या वाट्याला यावयाचे नाहीत, म्हणून कायदा लागतो. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंची मनाई केली. मुलांचे लैंगिक अत्याचारांपासून रक्षण करणारा २०१२ चा कायदा त्याच वर्षी बालदिनी अमलात आला. असा गुन्हा ज्याला कळला त्याने तो पोलिसांना कळविलाच पाहिजे, गप्प बसणे हाही अपराध, असे त्यात आहे. महाराष्ट्र शासनाने २०२२ साली शाळांतून ‘सखी सावित्री’ समित्या नेमण्यास सांगितले. भिडे वाड्याच्या वाटेवरचे ते नाव पावणेदोनशे वर्षांनी असे परत आले, याचा मला आनंद झाला.

आणि तरीही ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाल्याचे उघड झाले. तक्रार नोंदवून घेण्यात दिरंगाई झाली म्हणून लोक रेल्वेच्या रुळांवर उतरले, आणि मुंबई उच्च न्यायालयाने आपण होऊन प्रकरणाची दखल घेतली. सणाच्या दिवसांत हा विषय का काढला, असे कोणी म्हणेल. परंतु घर उजळावयाचे तर दिवा अंधाऱ्या कोपऱ्याकडेही न्यावा लागतो. कायदा होता, समितीचा आदेश होता. मग उणे काय होते? मला पुन्हा साताऱ्याचा तो शिपाई आठवतो. शिपाई नाही तर पाणी नाही. मुलाची सुरक्षितता सर्वांची आहे असे म्हटले, की ती कोणाचीच राहत नाही. लहान मुलीला शौचालयापर्यंत कोणती बाई नेते, शेवटचे मूल फाटकाबाहेर पडेपर्यंत कोणते मास्तर थांबतात, मूल काही सांगू लागले तर कोण ऐकून घेते, या प्रत्येक प्रश्नापुढे शाळेत एका माणसाचे नाव लिहिलेले असले पाहिजे. आणि ते माणूस रजेवर असेल तर दुसऱ्याचे.

हे काम एकट्या शाळेचेही नाही. सुट्टी संपून शाळा उघडतील, तेव्हा घरोघरचे आईबाप चाचणीचे गुण विचारतीलच, जरूर विचारावेत. पण त्याबरोबर आणखी चार गोष्टी विचारीत जा. येताना कोण बरोबर होते, पाणी कुठे प्यायलास, जेवलास काय, आणि आज कोणाची भीती वाटली का? पहिले काही दिवस मूल ‘काही नाही’ म्हणेल. तरी विचारीत राहावे. आपल्याला रोज कोणी तरी विचारते, हे एकदा त्याच्या मनात रुजले, की सांगण्याजोगे काही घडेल त्या दिवशी ते आपण होऊन तुमच्यापाशी येऊन बसेल.