पृथ्वीप्रदक्षिणेचं तिकीट आणि खिशातले आठ डॉलर

मुंबईहून निघायचं, पूर्वेकडे जात राहायचं आणि पश्चिमेच्या बाजूने परत मुंबईत उतरायचं. वाटेत वळून मागे यायचं नाही. अशा अख्ख्या प्रवासाचं एकच विमान तिकीट मिळतं, हे सांगितलं तर अजूनही बरेच जण थट्टा समजतात. पण मिळतं. त्याला 'राउंड द वर्ल्ड' तिकीट म्हणतात. माझी थोरली बहीण पुढच्या वर्षी नोकरीतून निवृत्त होते आहे आणि तिने घरात जाहीर करून टाकलंय की युरोप टूर वगैरे नको, एकदाच काय ती पृथ्वीप्रदक्षिणा. बजेट मध्यमवर्गीय. गणपतीबाप्पाची युक्ती तिला चालणार नाही, कारण प्रदक्षिणा घालायला आई-वडील आता नाहीत. म्हणून गेले काही महिने रात्री जेवणं झाली की मी नकाशा आणि वही घेऊन बसतो.

हिशेब करता करता मी इतिहासात शिरलो (सवय!) आणि एक गोष्ट लक्षात आली. या तिकिटाची किंमत किती मैल उडायचं यावर फारशी कधी ठरलीच नाही. तुम्ही कुठून निघता, कोण तुम्हाला जाऊ देतं आणि तुमच्या हातात कुठला कागद आहे, यावर ती ठरत आली आहे.

सुरुवात विमानांच्या खूप आधीची आहे. १८६९ मध्ये दोन गोष्टी घडल्या. मे महिन्यात अमेरिकेच्या दोन किनाऱ्यांना जोडणारी रेल्वे पूर्ण झाली आणि नोव्हेंबरात सुएझ कालवा खुला झाला. तिसरी कडी आपली. मार्च १८७० मध्ये जबलपूरमार्गे मुंबई ते कलकत्ता रूळ जुळले. या तीन कड्यांमुळे सामान्य (म्हणजे पैसेवाल्या सामान्य) माणसाला वेळापत्रक बघून जगाभोवती जाणं शक्य झालं. ज्यूल व्हर्नच्या कादंबरीत आपली रेल्वे मध्येच संपते आणि साहेबाला हत्ती विकत घ्यावा लागतो. प्रत्यक्षात कादंबरी आली तेव्हा हत्तीची गरज उरली नव्हती. थॉमस कुक १८७२ मध्ये एक छोटी मंडळी घेऊन लिव्हरपूलहून निघाला, अमेरिका, जपान, चीन करत कलकत्त्याला आला, रेल्वेने देश ओलांडून मुंबईला पोचला आणि इथून बोटीने इजिप्तकडे गेला. २२२ दिवसांची ती सहल. जगाची पहिली 'कंडक्टेड टूर' बोरीबंदरावरून गेली, तीही आजची व्हीटीची इमारत उभी राहण्याआधी.

आता आपल्याकडच्या एका नावाकडे येतो, जे या संदर्भात कुणी घेत नाही. पंडिता रमाबाई. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी अटलांटिक ओलांडून फिलाडेल्फियाला गेल्या. पुढची अडीचेक वर्षं अमेरिकेत व्याख्यानं देत, विधवांच्या शाळेसाठी पैसे जमवत पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकत राहिल्या. १८८८ च्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्कोहून पॅसिफिक ओलांडला, जपान पाहिला आणि १८८९ च्या सुरुवातीला मुंबईत परत आल्या. ११ मार्च १८८९ ला शारदा सदन सुरू. म्हणजे नेली ब्लाय नावाची अमेरिकन पत्रकार ७२ दिवसांच्या गाजलेल्या फेरीसाठी न्यूयॉर्कहून निघाली (नोव्हेंबर १८८९), त्याच्या कितीतरी महिने आधी एका मराठी लिहिणाऱ्या विधवा बाईंनी पृथ्वीला पूर्ण फेरी घातलेली होती. विक्रम म्हणून नव्हे, कामासाठी. खर्चाची सोय त्यांनी कशी केली? व्याख्यानं, वर्गणी आणि 'द हाय कास्ट हिंदू वुमन' या पुस्तकाची विक्री. मला तर ही प्रदक्षिणा कुकच्या सहलीपेक्षा फार मोठी वाटते.

आणि त्याहून स्वस्त प्रवास हवा असेल तर १९२३ मध्ये मुंबईहून सायकलवर निघालेले सहा पारशी तरुण आहेत. त्यातल्या आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा या तिघांनी १९२८ मध्ये फेरी पुरी केली. सुमारे ७१ हजार किलोमीटर. ताईला हा पर्याय सुचवून पाहिला. तिने फक्त बघितलं माझ्याकडे.

विमानाने अशी नियमित फेरी सुरू झाली जून १९४७ मध्ये. पॅन अमेरिकन कंपनीचं कॉन्स्टेलेशन विमान न्यूयॉर्कहून पूर्वेला निघालं, लंडन, इस्तंबूल करत कराचीला उतरलं, मग कलकत्ता, बँकॉक, मनिला आणि पॅसिफिकमधल्या बेटांवर थांबत सॅन फ्रान्सिस्कोला. कराची आणि कलकत्ता तेव्हा एकाच देशात होते. दोनच महिन्यांनी नव्हते. यातली गंमत अशी की ही 'जगाभोवतीची' सेवा पूर्ण गोल नव्हतीच. अमेरिकन सरकारने पॅन ॲमला देशांतर्गत उड्डाणांची परवानगी दिली नव्हती, त्यामुळे सॅन फ्रान्सिस्को ते न्यूयॉर्क हा शेवटचा तुकडा त्या कंपनीला उडताच येत नसे! सगळं जग परवानगी देतं आणि स्वतःचं घर देत नाही. १९५८ मध्ये क्वांटासनेही जगाभोवतीची सेवा सुरू केली. आपल्या एअर इंडियाकडे एका बाजूला टोकियो होतं (१९५५) आणि दुसऱ्या बाजूला न्यूयॉर्क (१९६०), पण मधला पॅसिफिक नव्हता.

तेव्हा भाडं कोण ठरवायचं? कंपन्यांची संघटना, आयाटा. स्थापना १९४५, हवानात. सगळ्या कंपन्या एकत्र बसून भाडं ठरवत आणि सरकारं त्यावर शिक्का मारत. आज आपण याला सरळ संगनमत म्हणू. पण त्या व्यवस्थेत प्रवाशाला एक मजेदार सोय होती. पूर्ण भाड्याच्या तिकिटावर दोन शहरांच्या दरम्यान किती मैल फिरता येईल याची कमाल मर्यादा ठरलेली असे, सरळ अंतराच्या साधारण २० टक्के जास्त. त्या मर्यादेत वाटेतल्या गावांत थांबलात तरी जादा पैसे नाहीत. मर्यादा ओलांडली तर पाच-पाच टक्क्यांनी अधिभार. त्यामुळे मुंबई-न्यूयॉर्क तिकिटात कैरो, रोम, पॅरिस, लंडन ही सगळी गावं बसवणं ही एक कला होती आणि जाडजूड मैल-पुस्तक उघडून ती बसवणारा तिकीट कारकून हा खरा कलाकार. हाताने लिहिलेलं तिकीट, लाल कार्बनचे कूपन, एका पुस्तिकेत चार. एका कंपनीचं तिकीट दुसरी कंपनी निमूटपणे स्वीकारत असे.

पण हे सगळं कुणासाठी? इथे आपला इतिहास जगापेक्षा वेगळा होतो.

साठ-सत्तरच्या दशकात तुमच्याकडे पैसे असले तरी परदेशी विमानाचं तिकीट असंच विकत घेता येत नसे. रिझर्व्ह बँकेचा 'पी फॉर्म' लागायचा. परदेशात कोण सांभाळणार, खर्च कोण करणार, हे सांगावं लागायचं. आणि खिशात परकीय चलन किती? त्या पिढीतल्या कुणालाही विचारा. कुणी तीन पौंड सांगेल, कुणी आठ डॉलर. आठ डॉलर घेऊन अमेरिकेत उतरलेली माणसं आपल्या ओळखीत आहेत. आपण त्यांच्या जिद्दीचं कौतुक करतो, करायलाच हवं, पण ज्याला आठ डॉलरच्या अटीमुळे जाताच आलं नाही त्याची गोष्ट कुणी सांगत नाही.

पासपोर्टचीही तीच कथा. १९६७ पर्यंत पासपोर्ट म्हणजे सरकारची मर्जी. द्यायचा तर देतील, परत मागतील. सतवंत सिंग साहनी या व्यावसायिकाने याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. एप्रिल १९६७ मध्ये तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने निकाल लागला की परदेशी जाण्याचा हक्क हा घटनेच्या कलम २१ मधल्या व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे. एक मत इकडचं तिकडे गेलं असतं तर? त्यानंतर घाईघाईने पासपोर्ट कायदा आला, त्याच वर्षी जूनमध्ये. आज तात्काळ पासपोर्टसाठी रांगेत कुरकुरणाऱ्या आपल्यापैकी किती जणांना हे नाव माहीत आहे? शाळेच्या पुस्तकात तरी मला ते कधी दिसलं नाही.

चलनाची गाठ सुटायला आणखी तीन दशकं लागली. फेरा कायदा जाऊन जून २००० मध्ये फेमा आला. फेब्रुवारी २००४ मध्ये रिझर्व्ह बँकेने माणशी वर्षाला २५ हजार डॉलर बाहेर नेण्याची मुभा दिली, आज ती अडीच लाख डॉलर आहे. आठ ते अडीच लाख.

इकडे आपण पी फॉर्म भरत होतो तेव्हा तिकडे भाडी कोसळायला लागली होती. सप्टेंबर १९७७ मध्ये फ्रेडी लेकरने लंडन-न्यूयॉर्क ५९ पौंडात नेऊन दाखवलं. ऑक्टोबर १९७८ मध्ये अमेरिकेने देशांतर्गत भाड्यावरचं सरकारी नियंत्रण उठवायचा कायदा केला. पॅन ॲमची जगाभोवतीची सेवा १९८२ मध्ये बंद पडली आणि १९९१ च्या डिसेंबरात कंपनीच बुडाली. मग कंपन्यांनी गट केले: १९९७ मध्ये स्टार अलायन्स, १९९९ मध्ये वनवर्ल्ड. आजचं प्रदक्षिणा-तिकीट या गटांच्या कृपेने जिवंत आहे. एअर इंडिया जुलै २०१४ मध्ये स्टारमध्ये गेली, त्यामुळे मुंबईकराला हे तिकीट आता तसं हाताशी आहे.

नियम थोडक्यात: एकच दिशा, अटलांटिक एकदा, पॅसिफिक एकदा, ज्या देशातून निघालात तिथेच शेवट, जास्तीत जास्त सोळा उड्डाणं, मुदत एक वर्ष. स्टारचं भाडं मैलांच्या पायऱ्यांवर, वनवर्ल्डचं मुख्य तिकीट किती खंडांना पाय लावता यावर.

ताईसाठी मी आधी सरळ रस्ता मोजला. मुंबई, टोकियो, सॅन फ्रान्सिस्को, न्यूयॉर्क, लंडन, मुंबई. जेमतेम २० हजार मैल. विषुववृत्ताचा घेर २५ हजार मैलांच्या आसपास, पण आपण वरच्या अंगाने जातो म्हणून फेरी लहान होते. स्टारच्या २९ हजारांच्या पायरीत हे घातलं तर नऊ हजार मैल वाया. सिंगापूर-सिडनी घालून बघितलं, तर २७ हजारांच्या थोडं आत. म्हणजे ऑस्ट्रेलिया जवळजवळ फुकट! उलट पाच-सहाच गावं हवी असतील तर सुटी तिकिटंही शेजारी मांडून बघावीत, अनेकदा तीच स्वस्त पडतात. प्रदक्षिणा-तिकीट परवडतं ते दूरची आणि बरीच गावं घ्यायची असतील तेव्हा. आणखी एक: त्याच फेरीचं भाडं निघण्याच्या देशानुसार बदलतं. म्हणून जाणकार कोलंबो, कैरो, जोहान्सबर्ग इथून निघाल्यास काय पडतं ते आधी बघतात. आपल्याला कोलंबो काही लांब नाही.

इथवर सगळं छान. मग व्हिसा.

परदेशी प्रवाशांच्या युक्त्या वाचताना एक सल्ला सारखा दिसतो: लंडनहून लांबच्या विमानात बसू नका, ब्रिटनचा प्रवासी-कर पडतो, त्यापेक्षा रेल्वेने पॅरिसला जा आणि तिथून उडा. साध्या वर्गाला हा कर आपल्या अंतराला नव्वद-शंभर पौंड. पण आपल्या पासपोर्टवर पॅरिसला पाय ठेवायचा म्हणजे शेंगेनचा व्हिसा, ९० युरो, वर बँकेची स्टेटमेंट्स, हॉटेलची बुकिंग, बोटांचे ठसे. झाली बचत! अमेरिकेत नुसतं विमान बदलायचं असलं तरी व्हिसा लागतो, अर्जालाच १८५ डॉलर आणि मुलाखतीची तारीख मिळेल तेव्हा. ऑस्ट्रेलिया 'जवळजवळ फुकट' म्हणालो ना, त्याचा व्हिसा वेगळा. जपानचा वेगळा. ब्रिटनचा वेगळा. ज्याच्याकडे ब्रिटिश किंवा जपानी पासपोर्ट आहे त्याच्या वहीत हा रकाना जवळपास कोराच असतो.

म्हणून आमच्या आराखड्याचा क्रम उलटा झाला आहे. आधी अमेरिकेचा व्हिसा, कारण तो साधारण दहा वर्षांचा मिळतो आणि त्याच्या जोरावर काही इतर देशांचे दरवाजे किलकिले होतात. तो हातात पडला की तारखा. मग दोन पर्याय शेजारी शेजारी: मुंबईहून २९ हजार मैलांचं, आणि कोलंबोहून तेच. थांबे सहाच ठेवलेत, कारण सोळा उड्डाणं मिळतात म्हणून सोळा घेतली तर साठीची बाई विमानतळच बघून परत येईल. पॅरिस खोडलं आहे. ताईला त्याचं काही नाही, तिला सगळ्यात जास्त उत्सुकता सॅन फ्रान्सिस्कोच्या बंदराची आहे, रमाबाई जिथून निघाल्या ते.

एक विनंती. कागदी तिकिटं जून २००८ पासून बंद झाली, आणि पी फॉर्म तर कुणी जपून ठेवावा असा कागदच नव्हता. तुमच्या आजोबांच्या, काकांच्या कपाटात लाल कार्बनचं तिकीट, पी फॉर्म किंवा आठ डॉलरची पावती सापडली तर रद्दीत घालू नका. एक फोटो काढून मला पाठवा.