संशोधकाची भाकरी : खानदेशातील विद्याश्रयाचा इतिहास व आपले कर्तव्य

आपल्या ज्ञातिमंडळाच्या वार्षिक मेळाव्यात गुणगौरवाचा कार्यक्रम मोठ्या उत्साहाने पार पडतो. शालान्त परीक्षेत उत्तम गुण मिळविणारी मुले-मुली, बारावीचे यशवंत, नूतन पदवीधर, अभियंते, डॉक्टर या सर्वांस नारळ, गुलाबपुष्प व प्रशस्तिपत्रक दिले जाते. आईबापांचे डोळे भरून येतात, आणि ते योग्यच आहे. परंतु त्याच मंडपात मागील रांगेत एखादा अठ्ठावीस-तीस वर्षांचा तरुण बसलेला असतो. तो पदव्युत्तर परीक्षा उत्तीर्ण होऊन पीएच. डी.साठी प्रबंध लिहीत असतो. त्याचे नाव कोणत्याच यादीत नसते. कारण त्याची परीक्षा अद्याप संपलेली नाही आणि मिळकत अद्याप सुरू झालेली नाही. मेळाव्यातील वडीलधारी माणसे त्याला एकच प्रश्न विचारतात, "अजून शिकतोच आहेस का?" त्या तरुणाच्या वतीने चार शब्द लिहावे, या हेतूने आम्ही ही लेखणी हाती घेतली आहे.

आम्ही स्वतः शालान्त परीक्षेपलीकडे गेलेलो नाही. अध्यापनाचे शिक्षण घेतले आणि सारी हयात प्राथमिक शाळेत मुलांना अक्षरे गिरविण्यास शिकविण्यात गेली. तेव्हा उच्च संशोधनाविषयी आम्ही अधिकारवाणीने बोलणे शोभणार नाही. परंतु इतिहास वाचण्याचा नाद आम्हांस लहानपणापासून आहे, आणि आपल्या खानदेशच्या इतिहासाने या बाबतीत आम्हांस जे शिकविले, ते ज्ञातिबांधवांपुढे ठेवण्यास पदवीची आवश्यकता नाही असे वाटते.

प्रथम पीएच. डी. म्हणजे काय, हे थोडक्यात सांगतो. शाळेत व महाविद्यालयात विद्यार्थी दुसऱ्यांनी मिळविलेले ज्ञान आत्मसात करतो. पीएच. डी.चा विद्यार्थी आजवर कोणास ठाऊक नसलेली एखादी गोष्ट शोधून, पुराव्यानिशी मांडून, जाणकारांपुढे सिद्ध करतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे या कामास किमान तीन व सर्वसाधारणपणे कमाल सहा वर्षे दिली आहेत; पुनर्नोंदणी केल्यास आणखी दोन वर्षे मिळतात. स्त्रियांना याहून अधिक दोन वर्षांची सवलत असून प्रसूती व बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा घेता येते. ज्या वयात घरची माणसे मुलाच्या पगाराची आणि मुलीच्या लग्नाची वाट पाहत असतात, नेमक्या त्याच वयातील ही वर्षे आहेत. या काळात संशोधकाने खावे काय आणि राहावे कोठे, हा प्रश्न नवा नाही. खानदेशात तो शंभर वर्षांपूर्वीही उभा राहिला होता.

इतिहासाचार्य विश्वनाथ काशीनाथ राजवाडे यांचे नाव कोणास ठाऊक नाही? 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला आणि पुढे ती माला बावीस खंडांची झाली. जुन्या वाड्यांतील दप्तरे धुंडाळीत हा पुरुष गावोगाव हिंडला. त्यास ना विद्यापीठाची शिष्यवृत्ती होती, ना सरकारी वेतन. स्नेह्यांचा आश्रय आणि स्वतःचे कमालीचे साधे राहणे यांवर त्यांचा संसार चालला. त्यांचे अखेरचे दिवस धुळ्यास गेले, आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजी तेथेच त्यांचा देह पडला. पुढील वर्षीच, म्हणजे १९२७ मध्ये, धुळेकरांनी राजवाडे संशोधन मंडळ स्थापन केले. त्यांचे संशोधनसाहित्य तेथे जतन झाले. या मंडळाच्या उभारणीत भास्कर वामन भट यांचे परिश्रम मोठे होते. तथापि एक गोष्ट मनाला लागून राहते. राजवाड्यांसारखा मनुष्य हजारांत एक. तो अर्धपोटी राहूनही काम करील. परंतु सर्वच संशोधकांनी राजवाडे व्हावे, अशी अपेक्षा करणारा समाज स्वतःची जबाबदारी टाळीत असतो.

ही जबाबदारी ओळखणारा एक गृहस्थ राजवाड्यांच्या हयातीतच तापीच्या पलीकडे, अमळनेरास होता. गिरणीमालक श्रीमंत प्रताप शेठ यांनी १९१६ मध्ये तेथे तत्त्वज्ञान मंदिर ही संस्था काढली. सुतावर आणि कापडावर मिळविलेला पैसा त्यांनी वेदान्ताच्या व पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाच्या अभ्यासाकडे वळविला. सुशिक्षित तरुणांनी येथे येऊन राहावे, त्यांस विद्यावेतन मिळावे, ग्रंथालय हाताशी असावे आणि त्यांनी केवळ अभ्यास करावा, अशी ही योजना होती. आज ज्यास आपण अधिछात्रवृत्ती म्हणतो, तीच ही गोष्ट. मुंबई-पुण्यापासून दूर, खानदेशातील एका तालुक्याच्या गावी ती उभी राहिली, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

या आश्रयाचे फळ काय मिळाले? १९२५ पासून संस्थेचे इंग्रजी तत्त्वज्ञानविषयक त्रैमासिक निघू लागले. बंगालचे थोर तत्त्वज्ञ कृष्णचंद्र भट्टाचार्य यांचा 'द सब्जेक्ट ॲज फ्रीडम' हा ग्रंथ १९३० मध्ये अमळनेरच्या या संस्थेने प्रसिद्ध केला, आणि १९३३ पासून काही काळ ते स्वतः तिचे संचालक होते. घनश्यामदास मलकानी, रासविहारी दास आणि टी. आर. व्ही. मूर्ती या तिघांनी मिळून 'अज्ञान' या वेदान्तातील गहन विषयावर लिहिलेला ग्रंथ १९३३ मध्ये लंडनहून प्रसिद्ध झाला. हेच मूर्ती पुढे बौद्ध तत्त्वज्ञानाचे जगन्मान्य पंडित झाले. आपले साने गुरुजीही प्रथम अमळनेरास आले ते याच तत्त्वज्ञान मंदिरात अध्ययनासाठी. तेथून ते १९२४ मध्ये शाळेत शिक्षक झाले, आणि खानदेशच्या मुलांना त्यांचे गुरुजी लाभले. संशोधन सोडून ते वर्गात आले म्हणून तो आश्रय वाया गेला, असे कोणता शिक्षक म्हणेल?

आश्रय असेल तर काय घडते हे अमळनेरने दाखविले. तो मध्येच सुटला तर काय होते, हे पाहण्यासाठी मात्र खानदेशाबाहेरचे एक उदाहरण घेणे भाग आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात गेले, ते बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर. दरमहा साडेअकरा पौंड अशी ती होती, मुदत तीन वर्षांची. पुढे ते लंडनला गेले. परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. नंतर मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून त्यांनी पैसा साठविला, छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य मिळाले, नवल भथेना या पारशी मित्राने कर्जाऊ रक्कम दिली, तेव्हा १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला जाऊ शकले. १९२३ मध्ये त्यांना लंडनची डी. एस्सी. आणि १९२७ मध्ये कोलंबियाची पीएच. डी. मिळाली. कोलंबियाच्या प्रबंधाचा ग्रंथ १९२५ मध्ये निघाला, तो त्यांनी सयाजीरावांस कृतज्ञतापूर्वक अर्पण केला आहे. एवढ्या अलौकिक बुद्धीच्या पुरुषाचाही अभ्यास पैशाअभावी तीन वर्षे खोळंबला, मग आपल्या सामान्य घरच्या मुलांची काय कथा?

आता पुन्हा खानदेशकडे वळू. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले, पुणे विद्यापीठ १९४९ मध्ये. १९४५ मध्ये जळगावास मूळजी जेठा महाविद्यालय आणि अमळनेरास प्रताप महाविद्यालय सुरू झाले, तेव्हा आपल्या मुलांना पदवीचे शिक्षण घराजवळ मिळू लागले. परंतु विद्यापीठ दूरच राहिले. नोंदणी करावयाची तर पुणे, जुना ग्रंथ पाहावयाचा तर पुणे, मार्गदर्शकास भेटावयाचे तर पुन्हा पुणे. शिरपूरहून निघालेल्या मुलाचा सारा पैसा प्रवासात व खानावळीत जाई. १५ ऑगस्ट १९९० रोजी जळगाव येथे उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले आणि ही अडचण पुष्कळ अंशी दूर झाली. गणितज्ञ डॉ. एन. के. ठाकरे हे त्याचे पहिले कुलगुरू. २०१८ मध्ये या विद्यापीठास कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. ज्या माउलीस लिहिता येत नव्हते, जिच्या ओव्या मुलाने व इतरांनी टिपून घेतल्या म्हणून जगास कळल्या, तिचे नाव विद्यापीठास असणे फार अर्थपूर्ण आहे. टिपून घेणारा कोणी भेटला नाही, तर लोकांचे ज्ञान त्यांच्याबरोबरच नाहीसे होते.

आज संशोधक विद्यार्थ्यास साहाय्याच्या वाटा पूर्वीपेक्षा खचित अधिक आहेत, आणि त्यांची माहिती प्रत्येक घरात असावी. राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळविणाऱ्यास १ जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये व त्यानंतर ४२,००० रुपये असा दर ठरविण्यात आला. महाराष्ट्र शासनाने अनुसूचित जातींसाठी पुण्याची बार्टी, मराठा व कुणबी समाजांसाठी पुण्याचीच सारथी आणि इतर मागासवर्ग, विमुक्त जाती, भटक्या जमाती व विशेष मागास प्रवर्गासाठी नागपूरची महाज्योती अशा संस्था ठेविल्या आहेत. आपल्या ज्ञातीची मुले यांपैकी शेवटच्या संस्थेकडे अर्ज करू शकतात. परंतु जागा मोजक्या असतात, जातीचा व उत्पन्नाचा दाखला वेळेवर हाती नसला तर संधी हुकते, आणि मंजूर रक्कम पदरात पडेपर्यंत खोलीचे भाडे थांबत नाही. ज्यास काहीच मिळत नाही, तो तासिका तत्त्वावर शिकवितो आणि रात्री प्रबंध लिहितो.

येथे कोणी विचारील, या प्रबंधांचा समाजास उपयोग काय? शिरपूरकराने तरी हा प्रश्न विचारू नये. आपल्या तालुक्यात काही भागात तापीकाठची गाळाची जमीन आहे व काही भागात काळा खडक. पाणी कोठे मुरते आणि कोठे अडते, याचा भूगर्भशास्त्रीय अभ्यास करून भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी २००४ पासून येथे नाले रुंद व खोल करण्याचे काम हाती घेतले. त्यासच लोक 'शिरपूर पॅटर्न' म्हणतात. ज्या विहिरींना आज पाणी आहे, त्यांच्या मुळाशी कोणाचा तरी अनेक वर्षांचा अभ्यास आहे.

आता जे सांगावयाचे आहे ते आमच्याच चुकीचे आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी आपल्या ज्ञातीतील एक शिंपीकाम करणारे गृहस्थ आमच्याकडे आले. त्यांचा मुलगा चौथीपर्यंत आमच्या हाताखाली शिकलेला, पुढे मराठी घेऊन एम. ए. झालेला. ते म्हणाले, "गुरुजी, पोरगा अजून चार-पाच वर्षं शिकायचं म्हणतो. आपल्या अहिराणीतले शिवणकामाचे, विणकामाचे जुने शब्द गोळा करायचे आहेत म्हणे. तुम्ही सांगाल तसं करू." आम्ही क्षणभरही विचार न करता म्हणालो, "शब्द गोळा करून घर चालते का? त्याला नोकरी पाहू द्या." मुलाने आमचे ऐकले. आज तो सुस्थितीत आहे आणि आमच्यावर त्याचा यत्किंचितही राग नाही. गेल्या दिवाळीत तो भेटावयास आला, तेव्हा त्याने एक जुनी वही दाखविली. तीत पंधरा-वीस पाने लिहिलेली होती, बाकीची कोरी. ज्या म्हाताऱ्या कारागिरांकडून तो पुढील शब्द घेणार होता, त्यांची नावे व गावे शेवटच्या पानावर होती. आम्ही ती यादी वाचली. त्यांतील एकही माणूस आता हयात नाही. ते शब्द आपल्याच वाडवडिलांचे होते, आणि ते आता कोणत्याही विद्यापीठात मिळणार नाहीत.

म्हणून मंडळाच्या कार्यकारिणीस व सर्व ज्ञातिबांधवांस आमची नम्र सूचना आहे. गुणगौरव निधीतील काही भाग दरवर्षी संशोधक विद्यार्थ्यांसाठी वेगळा काढावा. अधिछात्रवृत्तीची रक्कम हाती येईपर्यंत त्यांस बिनव्याजी उसनवार द्यावी. प्रवास, टंकलेखन व छपाई यांचा खर्च सोसावा. जळगाव-पुण्यात ज्यांची घरे आहेत, त्यांनी ग्रंथालयाच्या कामास आलेल्या आपल्या मुलामुलीस चार दिवस आसरा द्यावा. कोणा घरची मुलगी संशोधन करीत असेल, तर तिच्या लग्नाची घाई करण्यापूर्वी तिच्या प्रबंधास किती अवधी उरला आहे, हे तिलाच विचारावे. प्रताप शेठांची गिरणी किंवा सयाजीरावांचा खजिना आपल्याजवळ नाही. परंतु आपली ज्ञाती सुईदोऱ्याची आहे, आणि एकेक टाका घालूनच वस्त्र पुरे होते हे आपणांस दुसऱ्याने शिकवावयास नको.

या कामी आम्ही आमच्या निवृत्तिवेतनातून एका महिन्याची रक्कम मंडळाकडे सुपूर्द करीत आहोत. ते दान नसून एका जुन्या चुकीची अल्पशी फेड आहे. पुढील मेळाव्यात मागच्या रांगेतील त्या तरुणास कोणी विचारलेच, तर "अजून शिकतोच आहेस का?" असे न विचारता "काम कोठवर आले, आणि काही कमी पडते का?" असे विचारावे, एवढीच आमची विनंती आहे.