जर–तर रचना

अट आणि तिच्यावर अवलंबून असलेली शक्यता, गरज वा कर्तव्य यांना जोडणारी मराठी वाक्यरचना. 'जर', 'तर' ही उभयान्वयी अव्यये संस्कृत 'यर्हि', 'तर्हि' यांपासून आली. मो. के. दामले यांच्या 'शास्त्रीय मराठी व्याकरण' (१९११) या ग्रंथात अव्ययांचे सविस्तर विवेचन आहे. बोलण्यात 'जर' बहुधा गळते, 'तर' टिकते : 'गाडी नांदगावला थांबली नाही, तर मनमाडला उतरावे लागेल.' मुख्य वाक्यात 'शकणे'पूर्वी 'उतरू', 'लागणे'पूर्वी 'उतरावे' असे ठरलेले रूप येते (पहा : संयुक्त क्रियापद). न घडलेल्या गोष्टीसाठी 'असणे'ची रूपे दोन्हीकडे लागतात, आणि रचनेचा खरा कस येथेच लागतो : 'पाऊस पडला असता, तर पेरता आले असते.' इंग्रजीत उलट 'इफ' सहसा राहतो, 'देन' वगळता येतो. मराठी विद्यार्थ्याने हा फरक आधी शिकावा.