मोडीचं दप्तर आणि कॅसेटची फीत

तत्त्वज्ञान शिकवणारा माणूस आज संगणकावर काय बोलणार, असं काहींना वाटलं असेल. पण प्रश्न इतिहासाचाच आहे. जुना कागद आहे, पण तो वाचणारा नाही. मग त्या कागदाचा उपयोग काय? मोडीच्या बाबतीत आपण हे अनुभवलंय. दप्तरं भरपूर, वाचणारे थोडे.

आता ऐंशीच्या दशकाकडे या. १९८२ साली इंग्लंडमध्ये सिंक्लेअर कंपनीचा झेडएक्स स्पेक्ट्रम आला. ४८ किलोबाइट स्मृती, पडदा म्हणून घरचाच टीव्ही, आणि प्रोग्राम साठवायला गाण्यांची असते तशीच कॅसेट. पुढे पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने तो 'डीबी स्पेक्ट्रम' म्हणून भारतात विकला. १९८४ मध्ये सरकारच्या 'क्लास' प्रकल्पातून काही शाळांत बीबीसी मायक्रो पोहोचले. तेव्हा हा इतिहास आपलाही आहे.

ती यंत्रं आता बहुतेक बंद पडलीत. तरी आजच्या लॅपटॉपवर स्पेक्ट्रम चालतो, तो इम्युलेटरमुळे. हा प्रोग्राम जुन्या झेड-८० प्रोसेसरची एकेक आज्ञा वाचतो आणि तो जे करायचा तेच करतो. एका यंत्राचं वर्णन दिलं, तर दुसरं यंत्र त्याचं काम करू शकतं, हे ट्यूरिंगने १९३६ मध्येच दाखवलं होतं. यंत्राच्या रॉममधला मूळ प्रोग्रामही लागतो. १९८६ मध्ये स्पेक्ट्रमचे हक्क घेतलेल्या अॅमस्ट्रॅडने १९९९ मध्ये तो इम्युलेटरसोबत वाटायला परवानगी दिली.

म्हणजे बघा, इथे मोडीच्या नेमकं उलट झालंय. वाचणारा तयार आहे, दप्तरच नाहीसं होतंय. इंग्लंडमधले खेळ जगभरच्या हौशी लोकांनी जपले. पण आपल्याकडे एखाद्या मुलाने बेसिकमध्ये लिहिलेला पाढ्यांचा प्रोग्राम? त्याची दुसरी प्रत कुठेच नसते. ती फीत बुरसली की संपलं.

उपाय अवघड नाही. स्पेक्ट्रमच्या कॅसेटवर शून्यासाठी आखूड आणि एकासाठी दुप्पट लांबीचे स्पंद असतात. आपल्याला तो नुसता कर्कश आवाज वाटतो. टेपरेकॉर्डरचं हेड पुसा, वायर लॅपटॉपला जोडा, आवाज वेव्ह फाइलमध्ये घ्या. एमपी३ करू नका, त्यात बारकावे जातात. मग ती फाइल इम्युलेटरला द्या.

अकोल्यात कुणाच्या माळ्यावर अशी कॅसेट असेल, तर भंगारात घालण्याआधी एकदा ऐका. गाणं लागलं नाही, नुसती किरकिर आली, तर ती जपून ठेवा.