जिवाणूच्या 'कुंडली'वरून दूषित अन्नाचा माग

जानेवारी २०१८ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील सोवेटो येथील एका पाळणाघरातील पाच वर्षांखालील नऊ बालकांना पोटाच्या विकारामुळे ख्रिस हानी बारागवानाथ रुग्णालयात दाखल करण्यात आले. एरवी या घटनेची फारशी दखल घेतली गेली नसती. मात्र त्या वेळी देशात लिस्टेरिया या जिवाणूची साथ सुरू होऊन अनेक महिने लोटले होते. नवजात अर्भके दगावत होती आणि रोग कोणत्या अन्नातून पसरतो, याचा थांगपत्ता लागत नव्हता.

याचे कारण या जिवाणूच्या स्वभावातच आहे. दूषित अन्न पोटात गेल्यावर लक्षणे दिसेपर्यंत कधी कधी ७० दिवस जातात. दोन महिन्यांपूर्वी काय खाल्ले, हे कोणता रुग्ण सांगू शकणार? त्यातच लिस्टेरिया शीतकपाटाच्या थंडाव्यातही वाढत राहतो.

अशा वेळी सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळा रुग्णापेक्षा जिवाणूकडेच चौकशी करतात. या पद्धतीचे महत्त्व ठसले ते १९९३ मध्ये अमेरिकेत अर्धवट शिजलेल्या हॅम्बर्गरमधून ई-कोलाय जिवाणूची बाधा होऊन चार बालकांचा मृत्यू झाला तेव्हा. त्यानंतर १९९६ मध्ये तेथील रोग नियंत्रण केंद्राने 'पल्सनेट' हे प्रयोगशाळांचे जाळे उभारले. जिवाणूचा डीएनए विशिष्ट विकरांनी ठरावीक ठिकाणी कापायचा, ते तुकडे जेलमध्ये ठेवून दिशा बदलत्या विद्युतप्रवाहाने सरकवायचे आणि उमटणारे पट्टे ताडून पाहायचे, अशी ही पद्धत. दोन शहरांतील रुग्णांचे पट्टे जुळले, की दोघांच्या ताटात एकच पदार्थ आला असावा, असा संशय बळावतो.

मात्र पट्टे सारखे दिसूनही जिवाणू वेगळे असू शकतात. म्हणून आता संपूर्ण जनुकीय क्रमवाचन केले जाते. लिस्टेरियाच्या डीएनएमधील सुमारे ३० लाख अक्षरे वाचून दोन नमुन्यांत किती अक्षरांचा फरक आहे, ते मोजले जाते. फरक अगदी मोजका असेल, तर दोन्हींचा उगम नजीकच्या काळात एकच असण्याची शक्यता मोठी असते. अमेरिकेत लिस्टेरियासाठी ही पद्धत २०१३ पासून नियमित वापरात आली आणि २०१९ मध्ये पल्सनेटने ती पूर्णतः स्वीकारली.

दक्षिण आफ्रिकेत राष्ट्रीय संसर्गजन्य रोग संस्थेने रुग्णांकडील नमुने वाचले, तेव्हा त्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक एकाच 'एसटी-६' प्रकाराचे निघाले. याचाच अर्थ उगम बहुधा एकच, आणि तोही मोठा. पाळणाघराच्या शीतकपाटात पोलोनी, म्हणजे चकत्या करून खाल्ले जाणारे तयार, स्वस्त सॉसेज सापडले व त्यात लिस्टेरिया आढळला. माग पोलोक्वाने येथील एका कारखान्यापर्यंत गेला. तेथे मिळालेला जिवाणूही एसटी-६ होता. ४ मार्च २०१८ रोजी आरोग्यमंत्री आरोन मोत्सोअलेदी यांनी ही माहिती जाहीर केली आणि माल परत मागविण्यात आला. तोवर फार उशीर झाला होता. या साथीत एक हजारावर रुग्णांची नोंद झाली व २०० हून अधिक जण मरण पावले. बाधितांत गर्भवती स्त्रिया व नवजात अर्भकांचे प्रमाण मोठे होते.

जनुके सर्व काही सांगतात, असा मात्र समज नसावा. २०११ मध्ये जर्मनीतील ई-कोलायच्या साथीत जिवाणूचा क्रम अल्पावधीत वाचला गेला, तरी प्रारंभी दोष आला तो स्पेनच्या काकड्यांवर! खरा संशयित, इजिप्तहून आलेल्या मेथीदाण्यांना आणलेले मोड, हा उपाहारगृहांची बिले व पुरवठ्याच्या नोंदी चाळूनच हाती लागला.

अलीकडे एक नवीच अडचण उद्भवली आहे. रुग्णालयांतील जलद चाचण्या जिवाणू न वाढवताच निदान करतात. रुग्णाला त्याचा लाभ होतो, पण क्रमवाचनासाठी जिवाणूच उरत नाही. त्यामुळे अशा चाचणीनंतरही मूळ नमुना संवर्धनासाठी पाठवावा, असा आग्रह या प्रयोगशाळांना रुग्णालयांकडे धरावा लागत आहे.